आपल्याच विमानावर आपलाच मारा: हवाई युद्धातल्या या चुका टाळा

२७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी श्रीनगरच्या हवाई तळावरून भारतीय हवाई दलाचे एमआय-१७ व्ही५ जातीचे हेलिकॉप्टर उडाले. आदल्या दिवशी पहाटे बालाकोटवर हल्ला झालेला होता आणि त्या सकाळी पाकिस्तानी विमाने राजौरी-पूंछच्या बाजूने चाल करून आली होती. त्यामुळे खोऱ्यातले सारे हवाई संरक्षण डोळ्यांत तेल घालून बसले होते. हेलिकॉप्टर तळाकडे परतत असताना त्याच तळाच्या रक्षणासाठी मांडलेल्या स्पायडर क्षेपणास्त्राने बडगामजवळ त्याचा वेध घेतला. आतले सहाही जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्कालीन हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, हे जाहीरपणे मान्य केले.

अशा घटनांना इंग्रजीतला ‘फ्रेंडली फायर’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. त्यांच्याविषयी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. देश, काळ, विमाने आणि शस्त्रे बदलतात, पण चुका मात्र त्याच राहतात. सैन्यदलात जाऊ पाहणारे विद्यार्थी, युद्धेतिहासाचे वाचक आणि या विषयावर लिहिणारे यांच्यासाठी त्या चुका येथे एकेक करून मांडल्या आहेत. चूक कशी घडते, ती वेळीच कशी ओळखता आली असती आणि तिच्यावर कोणता उपाय शोधला गेला, असा हा क्रम आहे.

उत्तर आले नाही, म्हणून शत्रू ठरवणे

ही सर्वांत महाग पडलेली चूक आहे आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटात शिरतात, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

विमान आपले की परके, हे ओळखण्यासाठी दुसऱ्या महायुद्धापासून आयएफएफ (आयडेंटिफिकेशन फ्रेंड ऑर फो, म्हणजे ‘मित्र की शत्रू’ याची ओळख) ही यंत्रणा वापरली जाते. तिचे काम गडाच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्यासारखे चालते. जमिनीवरचे, जहाजावरचे किंवा दुसऱ्या विमानातले उपकरण १०३० मेगाहर्ट्‌झ वारंवारितेवर परवलीचा शब्द विचारते आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्‌झवर त्याचे ठरलेले उत्तर देतो. उत्तर बरोबर आले, तर विमान आपले आहे. मात्र उत्तर आले नाही, तर यंत्रणेने आपल्याला काहीही सांगितलेले नसते. रात्रीच्या अंधारात दरवाजावर आलेला आणि काहीच न बोलणारा माणूस शत्रू असू शकेल, जखमी होऊन आवाज गेलेला आपला शिपाई असू शकेल, किंवा परवलीचा कालचा शब्द घेऊन आलेला आपलाच जासूदही असू शकेल. आयएफएफ मित्र ओळखते. शत्रू ओळखण्याची शक्ती तिच्यात नाही. तिच्या नावात शत्रूचाही उल्लेख असल्यामुळे हा गैरसमज अधिकच पक्का झाला आहे.

विमान गप्प राहण्याची कारणे अनेक असतात. ट्रान्सपॉन्डरचा वीजपुरवठा तुटलेला असतो. संकेत ठरलेल्या वेळी बदललेला असतो आणि विमानात जुनाच भरलेला असतो. वळताना विमानाचे स्वतःचे अंगच अँटेनाच्या आड येते. विचारणारे उपकरणच बिघडलेले असते. किंवा शत्रूच्या प्रदेशावर असताना आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून वैमानिकाने यंत्रणा मुद्दाम बंद केलेली असते आणि परतताना ती पुन्हा सुरू करायची राहून जाते. बडगामच्या प्रकरणाविषयी जी माहिती पुढे प्रसिद्ध झाली, तीत हेलिकॉप्टरवरची आयएफएफ बंद असणे आणि जमिनीवरचे अधिकारी व हेलिकॉप्टरचा चमू यांच्यात ताळमेळ नसणे, या दोन्ही गोष्टी होत्या. पहिली गोष्ट घडली तरी दुसरी नीट असती, तर बंद ट्रान्सपॉन्डरमुळे कुणाचा जीव गेला नसता.

२३ मार्च २००३ रोजी इराक युद्धात ब्रिटिश हवाई दलाचे टॉर्नेडो जीआर४ विमान कामगिरी आटोपून कुवेतकडे परतत होते. जमिनीवरच्या अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्र तुकडीने ते पाडले आणि विमानातले दोघेही मृत्युमुखी पडले. ब्रिटिश चौकशी मंडळाला असे आढळले की, विमानाची आयएफएफ बहुधा वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे बंद पडली होती आणि याची जाणीव चमूला नव्हती. दुसरीकडे पॅट्रियटच्या संगणकाने खाली उतरणाऱ्या त्या विमानाला रडारचा माग काढत येणारे क्षेपणास्त्र ठरवले होते, कारण अशा क्षेपणास्त्रांची ओळख पटवण्याचे निकष फार सैल ठेवलेले होते; इराककडे प्रत्यक्षात काय आहे, याच्यापेक्षा जगभरात काय काय असू शकते, याचा विचार त्यांत होता. त्या तुकडीचा संपर्काचा संच अजून येऊन पोहोचायचा होता, त्यामुळे आजूबाजूचे हवाई चित्र तिला थेट दिसत नव्हते. निर्णयासाठी हाती होते सुमारे एक मिनिट. मंडळाच्या अहवालातले मला सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण असे की, मारा करण्यास थोडा विलंब झाला असता, तर विमानाची दिशा बदलताच संगणकाने बहुधा आपले मत बदलले असते.

यावरचे उपाय साधे आहेत आणि म्हणूनच ते गर्दीत निसटतात. ट्रान्सपॉन्डरची तपासणी केवळ जमिनीवर करून भागत नाही. उड्डाणानंतर दुसऱ्या केंद्राकडून ‘तुमचे उत्तर येत आहे’ असा निरोप मिळवावा लागतो आणि शत्रूची हद्द सोडताना तो पुन्हा मिळवावा लागतो. जमिनीवरच्या तुकडीने गप्प विमान दिसताच शेजारच्या केंद्राला तोच प्रश्न विचारायला सांगावे, रेडिओवर हाक द्यावी आणि ते विमान पडद्यावर प्रथम कोठे दिसले, हे मागे जाऊन पाहावे. आपल्याच तळावरून उडालेले यंत्र दहा मिनिटांनी परक्याच्या रूपात परत येत नाही.

येथेच आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. हवाई संरक्षणाच्या तुकड्यांना माऱ्याची परवानगी तीन पायऱ्यांत दिलेली असते. ‘वेपन्स होल्ड’ असेल, तर स्वसंरक्षणासाठी किंवा थेट आदेशावरच मारा करता येतो. ‘वेपन्स टाइट’ असेल, तर शत्रू म्हणून ओळख पटलेल्यावरच. आणि ‘वेपन्स फ्री’ असेल, तर आपले म्हणून ओळख न पटलेल्या कोणावरही. तिसऱ्या पायरीत गप्प राहणारे विमान नियमानेच लक्ष्य ठरते. म्हणून आपली विमाने हवेत असताना त्या पायरीवर जाणे हा सैनिकाचा नव्हे, वरिष्ठांचा निर्णय असतो आणि त्याची जबाबदारीही त्यांचीच असते.

आकाशात कोण आहे, याची यादी अपुरी ठेवणे

१४ एप्रिल १९९४ ची उत्तर इराकमधली घटना या चुकीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. कुर्दी प्रदेशावर इराकी विमानांना बंदी घालणारी मोहीम तेथे तीन वर्षे चालू होती. त्या दिवशी अमेरिकी लष्कराची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे सहकारी देशांचे अधिकारी आणि कुर्दी प्रतिनिधी यांना घेऊन निघाली. अमेरिकी हवाई दलाच्या दोन एफ-१५ विमानांनी ती दोन्ही पाडली. २६ जण मारले गेले आणि त्यांत वाचलेला एकही नव्हता.

एफ-१५ चे काम रोज सकाळी सर्वांत आधी त्या प्रदेशात शिरून आकाश मोकळे आहे ना, हे पाहण्याचे होते. आपल्याआधी तेथे कोणी जाणार नाही, अशी त्यांच्या वैमानिकांची समजूत होती. हेलिकॉप्टरे मात्र आधीच आत गेलेली होती, कारण लष्कराच्या हेलिकॉप्टरांच्या वेळा हवाई दलाच्या रोजच्या उड्डाणसूचीत नेमकेपणाने येतच नसत. त्या प्रदेशात शिरल्यावर आयएफएफचा एक संकेत बदलायचा असे. बाहेर ४२ आणि आत ५२. हेलिकॉप्टरांचे चमू सगळीकडे ४२ च वापरत होते आणि हे चुकते आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. रेडिओची वारंवारिताही आत गेल्यावर बदलायची होती. ती बदलली गेली नाही, म्हणून दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येणे शक्य नव्हते. या सर्वांवर देखरेख ठेवणारे अवाक्स विमान वर फिरत होते आणि त्यातल्या नियंत्रकांना हेलिकॉप्टरांची माहिती आधी मिळालेली होती. एफ-१५ ने तिकडे काहीतरी दिसत असल्याचे सांगितले, तेव्हा ‘ती आपली हेलिकॉप्टरे असतील’ हे एक वाक्य त्या विमानातल्या कोणाच्याही तोंडून निघाले नाही.

मग प्रमुख वैमानिकाने खाली उतरून डोळ्यांनी खात्री करायचे ठरवले. येथे प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. डोंगरांमधली अरुंद दरी, तिच्या तळाशी गडद हिरव्या रंगाची दोन हेलिकॉप्टरे आणि वरून ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारे लढाऊ विमान. दिसायला मिळतात ती काही सेकंदे. ब्लॅक हॉकच्या दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्यांवर इंधनाच्या जादा टाक्या बसवलेल्या होत्या, त्यामुळे तिची आकृती इराककडे असलेल्या रशियन बनावटीच्या हाइंड हेलिकॉप्टरसारखी भासली. दुसऱ्या वैमानिकाने फेरी मारून ‘दोन दिसली’ एवढेच कळवले. त्याला म्हणायचे होते की, यंत्रे दोन आहेत. पहिल्याने मात्र त्या शब्दांतून आपली ओळख बरोबर आहे, असा दुजोरा ऐकला. एकाने विचारलेला प्रश्न आणि दुसऱ्याने दिलेले उत्तर यांच्यात असे अंतर राहिले, तर अनुभवाने ते भरून निघत नाही.

म्हणून एक नियम आता सर्वत्र शिकवला जातो: दुजोरा देणाऱ्याने स्वतः काय पाहिले, हे पूर्ण शब्दांत सांगावे. यंत्राचा प्रकार, रंग, खुणा आणि ते काय करत आहे, हे सांगता येत नसेल, तर ‘ओळख पटली नाही’ असे स्पष्ट म्हणावे. उड्डाणसूचीबाबत तर तडजोडच असू नये. भूदल, नौदल, हवाई दल, मित्रदेश आणि आता मानवरहित विमाने हे सर्व एकाच सूचीत आले पाहिजेत. जी वेळ अनिश्चित असेल, ती ‘गरजेनुसार’ असा शब्द लिहून सोडून देऊ नये. यंत्र प्रत्यक्ष उडाल्यावर ती सर्वांना कळवली पाहिजे.

हल्ला नुकताच संपलेला असताना हाताला आवर न घालणे

११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीवर अमेरिकी छत्रीधारी सैनिकांची कुमक घेऊन १४४ वाहतूक विमाने निघाली. मार्ग आपल्याच नौदलाच्या आणि आपल्याच सैन्याच्या डोक्यावरून जाणारा होता, आणि तसा इशारा सर्वांना देण्याचे ठरलेही होते. तो काही तुकड्यांपर्यंत पोहोचला नाही. त्या दिवसभर जर्मन विमानांनी किनारा झोडपून काढला होता आणि शेवटचा हल्ला विमाने येण्याच्या थोडाच वेळ आधी झाला होता. पहिल्या तुकड्या निर्विघ्न आल्या आणि सैनिक उतरले. त्यानंतर कोठून तरी एक मशीनगन सुरू झाली. तिचा आवाज ऐकून दुसरी, मग तिसरी आणि पाहता पाहता जहाजांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या तोफा एकदम धडाडू लागल्या. २३ विमाने पडली, ३७ विमानांचे नुकसान झाले. सैनिक छत्रीला लटकून खाली येत असतानाही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. येथे मात्र पोळलेल्या तोंडाने समोर येईल त्याला शत्रू मानले. त्याआधी, २८ जून १९४० रोजी, लिबियाचे इटालियन गव्हर्नर इटालो बाल्बो यांचे विमान तोब्रुकवर उतरत असताना इटलीच्याच विमानवेधी तोफांनी पाडले. ब्रिटिशांचा हल्ला होऊन फार वेळ झालेला नव्हता. ज्या तुकडीवर नुकताच मारा झाला आहे, तिच्यावरून त्यानंतरच्या काही तासांत आपली विमाने नेऊ नयेत. नेणे भागच असेल, तर तिची परवानगी ‘होल्ड’ वर आणून आणि तसे तिच्याकडून परत वदवून घेऊनच न्यावीत. एकाने गोळी झाडली म्हणून दुसऱ्याने झाडायची नाही, ही शिस्त अंधारात टिकायची, तर ती दिवसाच्या सरावातच अंगी बाणावी लागते.

सिसिलीचा धडा नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळी उपयोगी पडला. जून १९४४ मध्ये चढाईच्या अगदी तोंडावर आदेश निघाला की, दोस्तांच्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर तीन पांढरे व दोन काळे पट्टे ओढावेत. गुप्तता राखण्यासाठी हा आदेश मुद्दाम उशिरा काढला होता, म्हणून जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी हाताला येतील ते ब्रश घेऊन एका-दोन दिवसांत हजारो विमाने रंगवली. त्या काळच्या छायाचित्रांत अनेक विमानांवरचे पट्टे वेडेवाकडे आणि रंग ओघळलेले दिसतात. वैमानिकांना त्या ओघळांचे काही वाटले नसावे. ज्याला रडार नाही, रेडिओ नाही आणि फक्त डोळे आहेत, अशा खालच्या तोफचालकासाठी तो उपाय होता.

एका चुकीच्या खबरीवर दुसरी खबर रचणे

६ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झाले असताना, एसेक्सच्या किनाऱ्यावर शत्रूची विमाने आल्याची खबर आली. ती खोटी होती. तिच्या शोधासाठी ५६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमाने उडाली. तेव्हाच्या रडार केंद्रांना पुढचे आणि मागचे यांतला फरक नीट कळत नसल्यामुळे आपलीच विमाने समुद्रावरून येत असल्यासारखी पडद्यावर दिसली आणि शत्रूचा आकडा वाढत गेला. त्या वाढत्या आकड्यासाठी आणखी विमाने पाठवण्यात आली. शेवटी ७४ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या स्पिटफायर विमानांनी दोन हरिकेन पाडली आणि त्यांतील एका तरुण वैमानिकाचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्या आकाशात जर्मनांचे एकही विमान नव्हते. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणजे काय, ते येथे दिसते. खबर वाढत असेल, तर आपण पाठवलेली विमाने त्या आकड्यातून वजा केली आहेत काय, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला पाहिजे.

गुप्ततेपायी आपल्याच माणसांना अंधारात ठेवणे

१ जानेवारी १९४५ रोजी जर्मन हवाई दलाने दोस्तांच्या तळांवर एकाच वेळी मोठा हल्ला चढवला. बेत इतका गुप्त ठेवला होता की, वाटेतल्या अनेक जर्मन विमानवेधी तुकड्यांनाही तो कळवला नव्हता, आणि त्या तुकड्यांनी आपल्याच विमानांवर मारा केला. काय होणार आहे, हे तोफचालकाला सांगण्याची गरज नसते. अमुक वेळेत, अमुक उंचीवरून, अमुक दिशेने जाणाऱ्यांवर गोळी झाडू नये, एवढे सांगितले तरी पुरते.

परतीचा रस्ता सोपा समजणे

बडगाम आणि कुवेत या दोन्ही घटनांत विमान घराकडे येत होते. जाताना सर्वांना माहीत असते की कोण निघाले आहे. परतताना विमान शत्रूच्या दिशेने येते, वेळ चुकलेली असते, इंधन कमी असते, कधी अंगावर छिद्रे आणि रेडिओ निकामी झालेला असतो. ५ जून १९६७ रोजी नुकसान झालेले एक इस्रायली उरागान विमान भरकटून दिमोनाच्या अणुकेंद्रावर आले आणि इस्रायलच्याच हॉक क्षेपणास्त्राने ते पाडले. वैमानिक मारला गेला. यासाठीच परतीचे मार्ग, उंची आणि वेग आधी ठरवून दिलेले असतात. त्याबरोबरच रेडिओ व ट्रान्सपॉन्डर दोन्ही गेलेल्या विमानाने काय करून दाखवायचे, हेही ठरलेले असले पाहिजे: अमुक बिंदूवर अमुक वळण घ्यावे, चाके खाली सोडावीत, पंख हलवावेत. हे वैमानिकाला ठाऊक असून भागत नाही. खाली क्षेपणास्त्रापाशी बसलेल्या सैनिकालाही ते पाठ असावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रावर अमेरिकी क्रूझर गेटिसबर्गने हॅरी ट्रूमन या आपल्याच विमानवाहू जहाजाचे एफ/ए-१८ विमान पाडले. त्यातले दोघेही सुदैवाने बाहेर पडून वाचले. जगातील सर्वांत सुसज्ज नौदलाच्या बाबतीत हे अलीकडेच घडले आहे, म्हणून हा विषय जुन्या युद्धांचा आहे, असे कोणी समजू नये.

वाचताना आणि लिहिताना होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे बटण दाबणाऱ्या एकाच माणसावर सारे खापर फोडणे. १९९४ च्या घटनेत लष्करी न्यायालयापुढे एकच अधिकारी उभा राहिला, तो अवाक्समधला होता, आणि तो निर्दोष सुटला. उड्डाणसूची कोणी केली, संकेत कोणी कळवले नाहीत, दोन दलांचे रेडिओ एकमेकांशी का बोलू शकत नव्हते, या प्रश्नांची उत्तरे एका माणसाच्या खटल्यात मिळत नाहीत. याचा अर्थ व्यक्तीला दोष असूच नये, असा नाही. नियम मोडला असेल, तर शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षेने पुढचे हेलिकॉप्टर वाचत नाही.

दुसरी चूक वेगवेगळ्या घटना एकाच टोपलीत टाकण्याची आहे. १९८८ मध्ये अमेरिकी जहाजाने पाडलेले इराणचे प्रवासी विमान किंवा २०२० मध्ये तेहरानजवळ इराणनेच पाडलेले युक्रेनचे प्रवासी विमान, यांत ओळखीची चूक तीच आहे, पण ती लढणाऱ्या स्वपक्षावरच्या माऱ्याची उदाहरणे नाहीत. त्यांचे नियम, मार्ग आणि जबाबदाऱ्या निराळ्या आहेत.

तिसरी चूक पहिल्या दिवसाच्या बातमीला शेवटची बातमी मानण्याची आहे, आणि ती आपल्याकडे फार होते. बडगामचे हेलिकॉप्टर पडले, त्या दिवशी तांत्रिक बिघाड झाला असावा, असे अंदाज सर्वत्र छापून आले. ते मजकूर आजही शोधल्यास सापडतात आणि त्यांवरून लिहिलेले नवे लेखही सापडतात. या विषयावर लिहिताना घटनेच्या तारखेबरोबर चौकशीचा निष्कर्ष कधी समोर आला, ती तारीखही शोधून लिहावी. बडगामच्या बाबतीत त्या दोन तारखांमध्ये सात महिन्यांहून अधिक काळ गेला आहे, आणि ते सात महिने सहा घरांतल्या माणसांनी, तसेच त्या गावातल्या सातव्या घराने, नेमके काय झाले हे अधिकृतपणे न कळता काढले आहेत.